अक्षर काढणारा हात

पेंटर शिडीवर चढला की बाजारातली माणसं जाता जाता मान वर करून बघायची. बघण्यासारखी होती ती त्याची रेघ. बाकीचे पेंटर आधी खडू फासलेली दोरी भिंतीवर ताणतात, टणकन् सोडतात आणि उमटलेल्या खुणेवरून ब्रश नेतात. हा गडी दोरी खिशातून बाहेरच काढत नसे. ब्रश बुडवायचा, श्वास धरायचा, आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी रेघ ओढायचा की सुताराने पट्टी लावून बघितली तरी बोट ठेवायला जागा सापडू नये. एका सुताराने खरंच लावली होती. मग तोच आठवडाभर त्याचं कौतुक सांगत हिंडला. तेव्हापासून पेंटरचं बारशाचं नाव मागे पडलं आणि सगळा बाजार त्याला 'रेघवाले' म्हणायला लागला. काही आगाऊ मंडळी 'रेघोबा' म्हणत. त्यालाही तो ओ देई.

ही रेघ तो डाव्या हाताने ओढायचा. डाव्या हातात ब्रश, उजव्या हातात टेकू द्यायची काठी. पण कागदावर लिहायची वेळ आली, सही करायची, कुणाचा पत्ता उतरून घ्यायचा, की पेन मुकाट्याने उजव्या हातात जाई. बघणाऱ्याला गंमत वाटे. त्याला स्वतःला त्यात काही गमतीचं वाटत नसे, कारण ते तसं का होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ते ताईमुळे होतं.

आई गेली तेव्हा त्याचे दुधाचे दातही पडले नव्हते. ताई शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. वडील कारखान्यात पाळीवर जायचे, यायचे, जेवायचे, झोपायचे. त्या घरात बाईमाणूस म्हणून ताई एकटीच उरली आणि तिने पदर खोचला. स्वतःचा अभ्यास केला, घर केलं, धाकट्याला न्हाऊमाखू घातलं, मास्तरीण झाली. लग्नाचा विषय तिने कुणाला काढू दिला नाही. एका अंगावर दोन माणसांचं काम पडलं होतं आणि तिने ते कधी बोलूनही दाखवलं नाही. बोलून न दाखवणारी माणसं फार अवघड असतात. त्यांच्याशी भांडताच येत नाही.

तर या ताईच्या लक्षात आलं की धाकटा पेन्सिल डाव्या हातात धरतो. त्या काळी शाळेत हा मोठा दोष समजत. उद्या वर्गात बाई त्याला हसतील, मुलं चिडवतील, आणि लोक म्हणतील, आईवेगळं पोर, कोण वळण लावणार. हे शेवटचं ताईला फार लागलं असावं. तिने आपल्या वेणीची लाल रिबीन सोडली आणि त्याचा डावा हात खुर्चीच्या दांडीला बांधून टाकला. उजव्या हातात पेन्सिल दिली. तो मुसमुसत म्हणायचा, सैल कर ना ताई. ती म्हणायची, आधी पान पुरं कर. मारलं मात्र तिने कधीच नाही. पान झालं की रिबीन सोडायची आणि तोच हात मांडीवर घेऊन, बोटांत पुन्हा लाली येईपर्यंत चोळत बसायची. वर्षभरात धाकट्याचं अक्षर असं झालं की ताई येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची वही दाखवू लागली. पुढे त्याने कोळशाने भिंतीवर चित्रं काढायला सुरुवात केली, तीही डाव्या हाताने. तेव्हा ताईने तह केला. "लिहायचं उजव्यानं. बाकी काय करतोस ते मी बघत नाही." आणि खरोखरच पुढची सगळी वर्षं तिने तिकडे कानाडोळा केला. भाऊ डाव्या हातावर पोट भरत होता आणि ताई लोकांना सांगत होती, मी त्याला उजव्यावर आणला.

धंद्यात पेंटरचा एक ठरलेला विनोद होता. गिऱ्हाईक येऊन म्हणे, रेघवाले, दुकानाची पाटी लिहायची आहे. तो म्हणे, "लिहितात ते कारकून. आम्ही अक्षर काढतो." हा विनोद त्याने इतक्यांदा केला होता की बायको त्याच्या आधीच ओठ हलवून तो म्हणून दाखवी. पण विनोद असला तरी तो त्याच्या अंगात मुरला होता. लिहिणं वेगळं, काढणं वेगळं. लिहिणं ताईचं, काढणं त्याचं.

या एका शब्दाने पुढे घात केला.

दहा-बारा वर्षांपूर्वी शिडी चढताना त्याच्या छातीत कळ आली. तपासण्या झाल्या, हृदयाच्या नसा ठिकठिकाणी तुंबल्या होत्या, आणि बायपास करायचं ठरलं. तुंबलेल्या जागा टाळून रक्ताला वळसा घालून न्यायचा, तर त्यासाठी शरीरातूनच दुसरीकडची नस काढून तिथे जोडावी लागते. एरवी ती पायातून घेतात. पण जन्मभर शिडीच्या दांडीवर उभं राहून याच्या पायांच्या नसा फुगून गुंता झालेल्या. तेव्हा शल्यविशारदांनी हात तपासले. त्यांनी समजावून सांगितलं की पंजाला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या नसा असतात, एक अंगठ्याच्या बाजूची, एक करंगळीच्या. करंगळीची ठणठणीत असेल तर अंगठ्याची काढून घेता येते, दुसरी सगळा भार उचलते. मग त्यांनी त्याला मूठ आवळायला लावली, मनगटावर दोन्ही नसा दाबून धरल्या, मूठ उघडायला सांगितली. तळवा पांढराफटक. करंगळीच्या बाजूचं बोट उचललं तसा तळवा पुन्हा गुलाबी झाला. दोन्ही हात उत्तम निघाले. शक्यतो कमी वापराच्या हातातली घेतो, असं म्हणून त्यांनी विचारलं,

"लिहिता कोणत्या हाताने?"

बायको तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होती. खोलीत तो आणि ताई. ताईने त्याला बोलूच दिलं नाही. ताठ बसून, भर वर्गात सांगावं तसं ती म्हणाली, "उजव्या. अक्षर बघाल तर छापल्यासारखं आहे."

डॉक्टरांनी खात्रीसाठी त्याच्याकडे पाहिलं. आता इथे कुणीही म्हणेल, अरे माणसा, बोल की. पोट डाव्या हातावर आहे, बोल. पण प्रश्न लिहिण्याचा होता, आणि उत्तर ताईने दिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आयुष्यभर त्याने अक्षरं काढली, पण ताईसमोर कधी ब्र काढला नव्हता. त्याने मान हलवली. उद्या छाती उघडणार या धास्तीत हाताचा विचार करायला जागाही नव्हती, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला. ते अर्धंच खरं होतं.

शुद्धीवर आला तेव्हा डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती. बायकोने ती पाहिली मात्र, आणि कोणता हात गेला ते तिला उमगलं. ताई बाहेर बाकावर बसली होती, नवऱ्याच्या तोंडात नळी होती, बोलायचं कुणाशी. तिने मूग गिळले. पण डॉक्टरांना उत्तर कुणी दिलं होतं ते कळलं, त्या दिवसापासून नणंद-भावजयीच्या मध्ये काहीतरी बसलं ते बसलंच.

हृदय झकास झालं, हे मान्य करायला हवं. हाताचीही सुरुवातीला तक्रार नव्हती. अंगठ्याच्या मुळाशी एक बधिर चकती राहिली, तिथे टाचणी टोचली तरी कळत नसे. डॉक्टर म्हणाले, कातडीचा बारीक मज्जातंतू दुखावला असेल, त्याचं काही नाही. वर्षभरात पेंटर पुन्हा शिडीवर चढला, पुन्हा रेघ ओढली, सुतार पुन्हा वाखाणायला मोकळा. पंजा दुसऱ्या नसेवर चालतोय हे विसरायला होईल इतकी वर्षं बरी गेली. बाजारात छापील फलक आले, कामं कमी झाली, तरी काचेच्या दारांवरची नावं, होड्यांच्या नाकावरची नावं, जुन्या माणसांच्या जुन्या दुकानांची डागडुजी, एवढं त्याच्याकडे टिकलं.

मग गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत हात कुरकुरायला लागला. खांद्याच्या वर हात धरून काम केलं की थोड्या वेळाने बोटं गार पडायची. मग पांढरी. मग जणू दुसऱ्याची. ब्रश बोटांत आहे की नाही ते बघून खात्री करावी लागे. त्याने युक्त्या शोधल्या. मधूनच हात काखेत दाबायचा आणि पाटीकडे लांबून बघतोय असं नाटक करायचं. चहाचा पेला मुठीत धरून बसायचं आणि चहा निवला तरी सोडायचा नाही. उंचावरची कामं तो टाळू लागला. भिंतीला ओल आहे म्हणे, वारा फार आहे म्हणे, एकदा तर शिडीला चक्कर येते म्हणाला. गिऱ्हाईक हसलं. रेघवाल्याला हसू आलं नाही. रात्री पडल्यावर तो अंधारात बोटं मोजल्यासारखी एकेक हलवून बघायचा. हात गेला तर आपण कोण, असं स्वतःला विचारायचा.

बायकोपासून लपणं शक्यच नव्हतं. दवाखान्यात चला म्हणून ती मागे लागली. हा आज जातो, उद्या जातो करी. तपासायला गेलो तर ते विचारणार, नस या हातातली का घेतली, ताईच्या कानावर जाणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ताई आता थकली होती, गुडघ्यांनी आणि कानांनीही. रस्त्याच्या टोकाला तिची खोली, रोज संध्याकाळी काठी टेकत यायची, दोन घास खायची, धाकट्याला डोळाभर बघून जायची. तिच्या आयुष्याची कमाई काय, तर हा. आणि त्या कमाईला आपल्याच एका शब्दाने खोट आली, हे तिला कळलं तर ती खचेल.

"सांगत का नाही त्यांना?" बायको एकदा चिडून म्हणाली.

"काय सांगू? तू एवढं शिकवलंस तेच नडलं म्हणून सांगू?"

बायकोने त्यावर भांडी जरा जोरात आपटली. तिचं म्हणणं असं की तुमच्या ताईंचं मन राखता राखता तुमचा हात जाईल, आणि मग त्या मनाचं काय लोणचं घालायचं का. बोलायला ती तिखट होती, पण रात्री त्याचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून झोपायची ती तीच.

या सगळ्यात ताईनेच एक काम आणलं. ज्या शाळेत तिने जन्म घालवला तिची दर्शनी भिंत नव्याने रंगवली होती आणि वर शाळेचं नाव हवं होतं, वीतभर नाही, चांगलं हातभर उंच अक्षरांत, खाली एक लांब रेघ. ताईने परस्पर कबूल करून टाकलं होतं. माझा भाऊ करील म्हणाली. भिंत दुमजली, दिवस थंडीचे. ताईचा शब्द खाली पडू द्यायचा तर त्याने आधी कधीतरी पाडून बघायला हवा होता. तो बरं म्हणाला. 

बांबूंची परांची बांधली गेली. सकाळी पेंटर चढला. खाली अंगणात ताईसाठी खुर्ची मांडली होती. अक्षर चुकू नये म्हणून ती जातीने हजर, अंगावर शाल, मांडीवर काठी. सुट्टीचा दिवस होता, शाळा रिकामी. पहिला शब्द सरळ उतरला. दुसऱ्या शब्दाला हात डोक्याच्या वर गेला आणि भिंतीच्या कोपऱ्यावरून वारा सुटला. त्याला बोटांतली ऊब ओसरताना कळली. टाकी रिकामी होताना नळ कसा बारीक होत जातो, तसं. त्याने दात आवळून गोलाई पुरी करायला घेतली. बोटांनी ब्रश केव्हा सोडला हे त्याला समजलंच नाही. समजलं ते आवाजाने. ब्रश परांचीच्या बांबूवर आपटून खाली गेला आणि नव्या भिंतीवर निळ्या रंगाचा लांब ओघळ काढत ताईच्या खुर्चीशी पडला.

तो उतरला. डावा हात त्याने सवयीने काखेत कोंबला होता. ताई ब्रशकडे बघत नव्हती, ओघळाकडेही नाही.

"हात दाखव," ती म्हणाली.

"रंग लागलाय, ताई."

"दाखव म्हणते ना."

त्याने हात पुढे केला. चार बोटं मेणासारखी पांढरी, नखं निळसर, आणि ती निळाई रंगाची नव्हती. मनगटापासून वर जाणारा जुना व्रण बाहीतून डोकावत होता. ताईने त्या व्रणावर नुसतं बोट ठेवलं, मग हात मांडीवर घेतला आणि शालीच्या टोकात गुंडाळून चोळायला लागली.  थोड्या वेळाने बोटांत लाली आली, मुंग्या आल्या, आणि मुंग्यांनी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान त्याने तसं म्हणून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली. बायको बरोबर यायला निघाली तर ताई तिला म्हणाली, आज मला जाऊ दे. आवाजात हुकूम नव्हता. भावजयीला ते इतकं नवं होतं की तिने पिशवी परत खुंटीला अडकवली.

तपासणीच्या खोलीत एक तरुण बाई होत्या. त्यांनी हातावर गार चिकट औषध लावलं आणि एक छोटं यंत्र मनगटावरून कोपराकडे हळूहळू फिरवलं. पडद्यावर काळं-पांढरं हलत होतं आणि यंत्रातून रक्ताचा आवाज येत होता, एका तालात, हुश्श हुश्श असा. अंगठ्याच्या बाजूला आवाज नव्हता. करंगळीच्या बाजूला मोठा होता. बाई व्रणाकडे बघून थांबल्या आणि त्यांनी सहज विचारलं, "काका, कामाचा हात कोणता तुमचा?"

"उजवा," पेंटर म्हणाला. तोंडातून तेच निघालं. ताई शेजारी बसली होती.

"डावा," ताई म्हणाली.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"डावाच," ताई पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, बहिऱ्या माणसाने बोलावं तसं. "जन्मापासून डावा आहे."

 इतक्या वर्षांत हा शब्द ताईच्या तोंडून त्याने पहिल्यांदा ऐकला होता.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. राहिलेली नस गेली इतकी वर्षं दोघींचं काम करते आहे. त्यासाठी ती पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती जन्मभर बिनतक्रार निभावते. यांच्या नसेची भिंत मात्र आता आतून जाड व्हायला लागली आहे, एका ठिकाणी वाट अरुंद झाली आहे. वय आहे, मूळचा आजार आहे, सगळा भार एकीवरच पडल्याने तिची झीजही थोडी जास्त झाली असेल, नक्की सांगता येत नाही. हात जाईल अशी भीती आज नाही. पण हात उंच धरला आणि वर थंडी असली की रक्त पोचायला कमी पडणार. ऊब ठेवायची, औषध चुकवायचं नाही, खांद्याच्या वर हात नेऊन काम करायचं नाही, दर काही महिन्यांनी येऊन दाखवायचं. ही एकच उरली आहे, तेव्हा तिला जपा, असं ते दोनदा म्हणाले.

पेंटरने एकच विचारलं, की ती नस दुसऱ्या हातातली घेतली असती तर. डॉक्टर म्हणाले, तर त्या हाताचं कदाचित असंच झालं असतं. फक्त तुमच्या लक्षात आलं नसतं.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. ताईला दम लागला म्हणून दोघं बसले. समोरून माणसं जात होती, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी हातात पिशव्या घेऊन. ताई त्यांच्याकडे बघत बोलली.

"मला तेव्हाच ठाऊक होतं."

तो म्हणाला, जाऊ दे ताई. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"त्यांनी विचारलं, लिहिता कोणत्या हाताने. मला वाटलं, मलाच विचारतायत. मी तुला नीट शिकवलं की नाही, ते." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "घरी येऊन पाणी प्यायले तेव्हा डोक्यात आलं. रात्र होती हातात. सकाळी जाऊन सांगता आलं असतं. मी म्हटलं, डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेल. खरं म्हणजे, मी चुकीचं बोलले, हे चारचौघांत सांगवलं नाही."

पेंटरला वाटलं होतं की ताईला कळलं तर ती खचेल. ती तर इतकी वर्षं कळून बसली होती. रोज संध्याकाळी काठी टेकत येत होती, जेवताना त्याचा डावा हात टेबलावर ठेवलेला बघत होती, आणि तो बाही खाली ओढत होता. दोघं एकमेकांना जपत होते आणि हात मधल्या मध्ये गार पडत होता. त्याला एकाएकी भयंकर राग आला. ताईचा आला, स्वतःचा आला. तो राग त्याने गिळला नाही, पण काढलाही नाही. त्याला तो काढायची सवयच नव्हती.

"मी म्हातारी बाई," ताई म्हणाली. "तू का नाही बोललास? हात तुझा होता."

 लहानपणी म्हणत होतो, सैल कर, तू केलं नाहीस, मग म्हणायचंच सोडलं. एवढं त्याच्या मनात स्पष्ट उमटलं. तोंडाने तो म्हणाला, चल, बायको वाट बघत असेल. ताई त्याचा उजवा हात धरून उठली आणि सगळा रस्ता दोघं तसेच चालले.

शाळेच्या भिंतीवर एक शब्द, अर्धा शब्द आणि निळा ओघळ असं आठवडाभर राहिलं. बाजारात चर्चा झाली. रेघोबा संपला, असंही कुणी म्हणालं. पेंटर दुपारी दुपारी जाऊन त्या भिंतीसमोर उभा राहायचा. दुसऱ्या कुणाला द्यावं म्हणून बायकोने सुचवलं, आणि पहिल्यांदाच तिच्या सुचवण्यात तिखट नव्हतं. तो म्हणाला, अर्ध्या अक्षरावर नाही सोडवत. हे शेवटचं उंचावरचं. मग त्याने परांचीवाल्याला गाठलं आणि फळ्या वर चढवून घेतल्या, म्हणजे अक्षरं छातीच्या उंचीला येतील आणि हात खांद्याखाली राहील. इतकी साधी गोष्ट आधी का सुचली नाही, तर आधी कुणाला सांगायचंच नव्हतं.

ऊन चांगलं वर आल्यावर तो शाळेत पोचला. ताई आधीच येऊन बसली होती. बायकोही या वेळी आली होती, चहाची किटली घेऊन, नणंदेच्या शेजारी उभी. ताईच्या मांडीवर एका जुन्या स्वेटरची कापलेली बाही होती, बोटं उघडी राहतील अशी बेतलेली, कडा दुमडून शिवलेल्या. टाके वेडेवाकडे होते. तिचे डोळे आता त्या कामाचे उरले नव्हते. सोबत मनगटाशी बांधायला कापडाची एक पट्टी.

"ये इकडे, धाकट्या," ती म्हणाली.

तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि डावा हात पुढे केला. तिने बाही चढवली, बोटं एकेक करून बाहेर काढली, व्रण झाकला गेला की नाही ते पाहिलं. मग पट्टी मनगटाभोवती फिरवली आणि वर चढताना सुटायला नको म्हणून नेटाने आवळून गाठ मारली. मास्तरणीची गाठ ती, सुटते कसली. नेमकी करंगळीच्या अंगाला बसली, जिथे ती एकटी नस होती. पेंटरला हातातली धडधड गाठीखाली अडकलेली कळली. त्याने वर बघितलं. ताई गाठीकडेच बघत होती. 

"घट्ट होतंय का रे?" तिने विचारलं.

सवयीचं उत्तर जिभेवर तयार होतं. नाही ताई, ठीक आहे. ते त्याने तोंडापर्यंत आणलं. बायको किटली धरून उभी होती.

"हो ताई," पेंटर म्हणाला. "घट्ट होतंय. सैल कर."

ताईने मान हलवली. नखांनी ती गाठ सोडायला लागली. गाठ लवकर सुटेना. तरी तिने कुणाला हात लावू दिला नाही, आणि ती सुटेपर्यंत पेंटर हात तसाच तिच्या मांडीवर ठेवून बसून राहिला.